सुताच्या गावी जहाज

इचलकरंजीचा आणि समुद्राचा तसा संबंध नाही. पंचगंगेचे पाणीसुद्धा कोकणाकडे न वळता कृष्णेला मिळून पूर्वेस जाते. नदीला पूर आला म्हणजे काठच्या वस्त्यांतून होड्या फिरतात, तेवढीच या गावाची नौकेशी ओळख. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला, आणि तेव्हापासून गावाची सारी भाषा ताणा-बाणा, बीम, कांडी, सायझिंग यांची झाली. अशा गावात प्लॅस्टिकच्या जहाजाची प्रतिकृती बांधण्याचा छंद कोणी सुचविला तर तो परका वाटेल. परंतु या छंदाला जे लागते, म्हणजे बारीक सूत, बारीक हत्यारे, मापाचा हिशेब आणि बैठक, ते या गावात इतर कोणत्याही गावापेक्षा अधिक आहे. बांधण्याजोगे जहाजही आपल्या समाजाच्या इतिहासातच सापडते.

वालचंद हे नाव या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे, पण ते बहुधा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे पत्र सुरू केले; त्यांचे चिरंजीव वालचंद हे रेल्वेच्या ठेक्यांतून पुढे आले. पहिले महायुद्ध संपताच त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. कंपनीच्या हाती तेव्हा एकच जहाज होते, ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. हिंदी मालकीच्या आगबोटीने त्या मार्गावर केलेली ही सफर पुढे इतकी महत्त्वाची मानली गेली, की १९६४ पासून हाच दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हे जहाज नवे नव्हते. ब्रिटनमधील बॅरो येथे ते बांधले गेले आणि १८९१ साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने कॅनडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत दाखल झाले. लांबी सुमारे १३९ मीटर, रुंदी साडेपंधरा मीटर. पुढे झुकलेली डौलदार नाळ, तीन डोलकाठ्या, दोन धुराडी, पांढरेशुभ्र अंग. त्याच्या जोडीची ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’ ही आणखी दोन जहाजे होती. महायुद्धाच्या काळात महाराजांनी ते विकत घेऊन नाव बदलले आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून त्याचा उपयोग झाला. सिंदियाकडे आले तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि आगबोटीच्या दृष्टीने ते म्हातारपणच. पुढे चारच वर्षांत, १९२३ साली, ते मुंबईत मोडीत निघाले.

लॉयल्टीचा तयार संच बाजारात मिळत नाही. मिळतात त्यांतील बहुसंख्य संच युद्धनौकांचे असतात. तोफा, विमाने आणि चिलखत यांनाच गिऱ्हाईक अधिक, हे जगभरच्या या धंद्याचे गणित आहे. ज्या घरांत शस्त्रांचे खेळणेसुद्धा मुलांच्या हाती देत नाहीत, त्या घरांना ही अडचण वाटणे साहजिक आहे. तरी प्रवासी जहाजे अगदीच दुर्मिळ नाहीत. ‘टायटॅनिक’चे संच अनेक मापांत मिळतात. जपानच्या हासेगावा कंपनीने ‘हिकावा मारू’ या १९३० सालच्या प्रवासी जहाजाचा १:३५० मापाचा संच काढला आहे. ते मूळ जहाज आजही योकोहामाच्या धक्क्यावर उभे आहे. हात बसविण्यासाठी प्रथम असा एखादा संच करावा आणि मग लॉयल्टी प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून स्वतःच घडवावी, हाच शहाणपणाचा क्रम.

माप निश्चित करणे हे पहिले काम. १:३५० म्हणजे प्रतिकृतीवरील एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरील पस्तीस सेंटीमीटर. या हिशेबाने लॉयल्टी जेमतेम चाळीस सेंटीमीटर लांब आणि साडेचार सेंटीमीटर रुंद होते, म्हणजे दुकानातल्या कपाटात सहज मावते. १:७०० हे याहून लहान माप. जपानमधील शिझुओका येथील चार कंपन्यांनी १९७१ मध्ये त्या मापाच्या जहाजांची मालिका सुरू केली. त्यात जहाज पाण्याच्या रेषेपर्यंतच दाखवितात, त्यामुळे ते सपाट पृष्ठभागावर तरंगत असल्यासारखे दिसते. नवशिक्याला लहान माप सोपे वाटते, पण ते सोपे नसते. जहाज लहान झाले म्हणून दोर जाड चालत नाही.

एवढी एक गोष्ट ध्यानात आली की या छंदातील निम्मे रहस्य हाती येते. बहुतेक संचांत कठड्याची दांडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ओतता येत नाही. अर्धा मिलिमीटर गुणिले साडेतीनशे म्हणजे साडेसतरा सेंटीमीटर! इतक्या जाड दांडीचा कठडा कोणत्याही जहाजावर नसतो. तो पुलाचा कठडा झाला. म्हणून जाणकार प्लॅस्टिकचा कठडा कापून टाकतात आणि पितळेच्या अतिपातळ पत्र्यावर रसायनाने कोरलेला कठडा लावतात. खरा कठडा सुमारे एक मीटर दहा सेंटीमीटर उंच धरला, तर प्रतिकृतीवर तो तीन मिलिमीटरच्या आसपास यावा. जहाजाच्या अंगावरील गोल खिडकी तीस सेंटीमीटर व्यासाची असेल तर तिचे भोक ०.८५ मिलिमीटरचे. डेकवरील लाकडी पट्टी बारा सेंटीमीटर रुंद असेल तर प्रतिकृतीवर तिची रेघ तिसऱ्या हिश्श्याच्या मिलिमीटरवर येते. रंग कितीही सुरेख असो, माप चुकले की डोळ्याला काहीतरी खटकते, आणि काय खटकते ते पाहणाऱ्याला सांगताही येत नाही.

दोराच्या बाबतीत इचलकरंजीने जगाला शिकवावे. परदेशी छंदवीर प्रतिकृतीच्या दोरांसाठी खास धाग्यांची लहान रिळे मोठ्या किमतीस घेतात. येथील व्यापारी मुलाला मात्र ‘काउंट’ शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चाळीस काउंटचे कापसाचे सूत साधारण ०.१४ मिलिमीटर जाडीचे भरते. साडेतीनशेने गुणले की ते पाच सेंटीमीटरचा दोर होते. डोलकाठीला बाजूने तोलून धरणाऱ्या मुख्य दोरांनाही हे जडच पडेल. शंभर काउंटचे सूत ०.०९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वातीन सेंटीमीटरचा दोर. हे जमते. परंतु निशाणाच्या दोरीला तेही जाड. तिथे वीस डेनिअरचा एकपदरी पॉलिस्टर धागा कामास येतो. त्याची जाडी ०.०४५ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या जहाजावर दीड सेंटीमीटरची दोरी. साडीच्या धंद्यात हा धागा मणांनी खपतो. प्रतिकृतीला चार-पाच मीटर पुरतो. १:७०० साठीही हाच धागा वापरता येतो, कारण तेथे तो सव्वातीन सेंटीमीटरचा दोर होतो.

कापसाच्या सुताला रोवा असतो. खऱ्या मापात तो दोरावर उगवलेल्या गवतासारखा दिसतो. तो जाळून टाकलेले, म्हणजे गॅसिंग केलेले सूत मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास सूत ताणून धरून ज्योतीवरून झरकन न्यावे आणि मग त्यावर पाण्यात पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉल बोटाने फिरवावा. बहुतेक परदेशी पुस्तकांत येथे मधमाश्यांचे मेण सुचविलेले असते. जेथे मध वर्ज्य आहे तेथे ते वापरण्याचे कारण नाही. फेव्हिकॉलने रोवा तितकाच बसतो. कुंचल्याबाबतही तसेच. या छंदात नावाजलेले बारीक कुंचले प्राण्याच्या केसांचे असतात. पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांसाठी कृत्रिम तंतूंचे कुंचले पूर्णपणे पुरे पडतात, आणि धुण्यासही सोपे. हुपरी हे चांदीच्या कारागिरीचे गाव हाकेच्या अंतरावर आहे. चिमटे, बारीक कानशी, भिंगे ही हत्यारे तेथील कारागीर कोठून घेतात एवढे विचारले म्हणजे झाले.

प्रत्यक्ष बांधणीला घाई चालत नाही. संचातील भाग चौकटीला चिकटलेले येतात. ते सुटे करण्याआधी भांड्याच्या साबणाने धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेल राहिले तर रंग धरत नाही. भाग मोडून न काढता कापावा आणि उरलेला डाग कानशीने घासावा. प्लॅस्टिकचा खास गोंद हा खरे पाहता गोंदच नव्हे. तो दोन्ही कडा किंचित विरघळवितो आणि त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून त्याचा थेंब फटीच्या कडेला टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. जास्त झाला तर मात्र भाग वितळून कायमचा बिघडतो. याची वाफ डोक्यात जाते. खिडकी उघडी असावी आणि लहान मुलाजवळ मोठे माणूस बसलेले असावे. पितळेला हा गोंद चालत नाही, तेथे फेव्हिक्विक सुईच्या टोकाने लावतात.

लॉयल्टीचे अंग संचाशिवाय घडवायचे तर जहाजाच्या आराखड्याचा आडवा छेद घेऊन त्या आकाराचे पत्रे कापतात, एकावर एक चिकटवितात आणि पायऱ्या घासून गुळगुळीत करतात. दोन्ही बाजू सारख्या आल्या की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. पुठ्ठ्यातून कापलेले छेदाचे साचे दर बोटभर अंतरावर टेकवून पाहावेत. उजवी बाजू एकदा जास्त घासली गेली तर डावी बाजूही तितकीच घासून सुटका होत नाही, कारण रुंदी कमी होते. तेव्हा पुट्टी भरून पुन्हा घासणे हाच मार्ग. या टप्प्यावर बरेच जण काम सोडतात. धुराडी, जीवरक्षक नावा, हवेची भोंग्यासारखी नळकांडी हे सारे पुढे आनंदाचे काम आहे. अंग घासणे हे आनंदाचे काम नाही.

रंगाचा प्रश्न आला की प्रतिकृतीचा खरा कस लागतो. १८९१ ची छायाचित्रे पाहून पांढरे अंग आणि पिवळसर धुराडी रंगविली, तर ती ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ झाली. त्याच अंगावर ‘लॉयल्टी’ हे नाव लिहिले तर ती अठ्ठावीस वर्षांची चूक झाली. व्यापारी घरात ताळेबंद कोणत्या तारखेचा हे वर लिहिल्याशिवाय कोणी त्यातील आकडे वाचत नाही. प्रतिकृतीलाही तारीख असते. ती ५ एप्रिल १९१९ ची असेल तर निशाण, नाव आणि डेकवरील सामान त्या दिवसाचेच हवे, आणि अंगावर तीन दशकांच्या समुद्राचे डाग हवेत. जुन्या लोखंडावरील गंज दाखविण्यासाठी पातळ केलेला तपकिरी रंग नांगराच्या भोकाखाली आणि पाणी वाहून जाण्याच्या छिद्रांखाली अगदी बारीक ओघळतो. नवशिके हा ओघळ इतका जाड करतात की जहाज बुडून वर आल्यासारखे दिसते. मापाचा नियम डागालाही लागू आहे. एक मिलिमीटर रुंद ओघळ म्हणजे पस्तीस सेंटीमीटरचा पट्टा.

गावाचे दोन स्वभाव प्रतिकृतीला मारक आहेत. एक, हवेतील रुई. ओल्या रंगावर बसलेला एक तंतू वाळल्यावर काढता येत नाही, म्हणून रंग दिल्याबरोबर भाग स्वच्छ डब्याखाली झाकावा. दुसरे म्हणजे मागांचा हादरा. ज्या घराच्या खाली किंवा शेजारी माग चालतात तेथे काचेच्या पेटीतील जहाज रात्रंदिवस सूक्ष्म थरथरत असते आणि काही महिन्यांत फेव्हिक्विकने लावलेला कठडा सुटू लागतो. पेटीखाली जाड रबराचा तुकडा ठेवणे, आणि पेटी त्या भिंतीला न टेकविणे, एवढ्याने बरेचसे वाचते.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत सायंकाळ मोठी असते. चातुर्मासात बाहेरगावचे फिरणे थांबते, तेव्हा तर अधिकच. मात्र त्याच दिवसांत हवा ओली असते आणि फवाऱ्याने मारलेला रंग धुरकट वाळतो. तेव्हा पावसाळ्यात घासणे, कापणे, भोके पाडणे, दोर ओढणे ही कामे उरकावीत आणि रंग कोजागिरीनंतर द्यावा. एका संचाला एवढ्या बैठकीने चार-सहा महिने सहज लागतात. पत्र्यांतून घडविलेल्या लॉयल्टीला एक वर्ष धरून चालावे.

वालचंदांचे काम त्या एका म्हाताऱ्या जहाजावर थांबले नाही. परकीय कंपन्यांच्या दरयुद्धात सिंदिया तगली. १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. ‘जलउषा’ ही मालवाहू बोट. तिच्यावर डौलदार नाळ नाही, तीन डोलकाठ्या नाहीत. सरळ अंग, माल उचलणाऱ्या याऱ्या आणि मालकोठ्यांची झाकणे. प्रतिकृती म्हणून ती लॉयल्टीपेक्षा कमी देखणी असली तरी घडविण्यास सोपी आहे. दोन्ही एकाच मापात केल्या तर एका कपाटात शेजारी शेजारी बसतात, आणि पाहुण्याला प्रथम कोणते दाखवायचे यावरून घरात वाद होतो.