दहावा पुरुष

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊच जमले तर प्रार्थनेतले काही भाग गाळावे लागतात, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी पेटीतून काढून विधिपूर्वक वाचता येत नाही, आणि मयताच्या घरच्यांना कद्दीश ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. नऊ पंडित जमून जे होत नाही, ते दहावा एखादा अडाणी येऊन बसला की होते. अट एवढीच, की त्याला तेरा वर्षे पुरी झालेली असावीत. दहा जणांच्या या गणसंख्येला मिन्यान म्हणतात. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथली सिनेगॉग दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी स्थापन झालेली. कोकणातल्या अशा जुन्या वास्तू अजून उभ्या आहेत. एरवीच्या दिवशी तिथे अडते ते या दहाव्या माणसापाशी.

म्हणून कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू जमातीच्या घरात मुलाला तेरावे सरून चौदावे लागते, तेव्हा तो दिवस एकट्या घराचा राहत नाही. बार मित्झ्वा म्हणतात तो हाच. आठवड्यात तोरावाचन होते सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी. तेफिलीन मात्र शब्बाथला बांधत नाहीत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी हव्या असतील तर सोमवार किंवा गुरुवारची सकाळ गाठावी लागते. तेफिलीन म्हणजे चामड्याच्या दोन काळ्या डब्या. त्यांत तोरातले चार उतारे चर्मपत्रावर लिहून ठेवलेले असतात. एक डबी डाव्या दंडावर, हृदयाच्या अंगाला, आणि दुसरी कपाळावर, केस जिथून सुरू होतात तिथे. दंडावरच्या डबीची वादी हाताला वेढे देत बोटांपर्यंत आणायची. मोठ्यांची बोटेही सवय नसेल तर इथे गोंधळतात. मुलगा तर आठवडेच्या आठवडे घरी सराव करतो.

खरी कसोटी पुढेच. गुंडाळीवरच्या हिब्रूत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात. नुसत्या व्यंजनांच्या ओळी पाहून उच्चार आणि चाल दोन्ही आठवणीतून आणायची. प्रार्थना चालवणारा हज्जान शेजारी उभा असतो. चूक झाली की तिथेच थांबवून सुधारतो. त्या वयात आवाजही फुटायला लागलेला असतो. मुलाचे वाचन संपले की बाप एक छोटे आशीर्वचन म्हणतो. त्याचा भावार्थ असा: या मुलाच्या कर्माची जबाबदारी माझ्यावरून उतरवणाऱ्याचा जयजयकार असो. मराठी वाचकाला इथे मुंज आठवणार, पण दोन्ही विधींची दिशा वेगळी आहे. मुंजीत बाप मुलाच्या कानात मंत्र देतो. बार मित्झ्वात बाप काही देत नाही, उलट हात काढून घेतो. मुलाला जे शिकवायचे ते आधी शिकवून झालेले असते. इथून पुढे त्याचे पाप त्याचे, पुण्य त्याचे, आणि मिन्यानमधली जागाही त्याची.

हा विधी बेने इस्राएलांकडे बाबा आदमच्या काळापासून चालत आला असावा, असे कोणालाही वाटेल. पण कोकणातल्या त्यांच्या पूर्वजांपाशी तोराची गुंडाळीच नव्हती, आणि हिब्रूही जवळपास पुसली गेली होती. जे पुस्तकच नाही, ते वाचून मुलगा पुरुष कसा ठरणार?

परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलच्या उत्तरेला नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची म्हणून दाखवली जाणारी दफनभूमी नवगावला आहे, तिथे स्मारकस्तंभही उभारला आहे. ही कथा चित्पावनांच्या चौदा प्रेतांच्या कथेशी फार जुळते, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. दोन्ही कथा एकाच किनाऱ्यावर घडल्या, तेव्हा कोणी कोणाकडून काय उचलले या वादात शिरण्यात मला रस नाही. वाचलेले लोक अष्टागरात आणि आसपास पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, गावांवरून पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर, नागावकर, थळकर झाले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथची विश्रांती, काही उपास, काही सण आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना एवढाच धर्म त्यांच्या हाती उरला. सणांची नावे तर अस्सल कोकणी: बिरड्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक वालाच्या बिरड्यावर पाळणारी जमात जगात दुसरीकडे नसावी.

पुढे दाविद राहाबी नावाचा एक ज्यू तिथे आला. त्याचा काळ कोणता, यावर मतभेद आहेत. काही शतकांचा फरक पडावा इतके. या लोकांची पारख त्याने कशी केली, ती कथा मात्र एकच आहे. त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. आम्ही हे खात नाही, एवढेच त्या म्हणाल्या. ज्यू धर्मशास्त्राचा नियमही हाच. राहाबीची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतले पुरुष निवडून त्यांना शिकवले, त्यांच्या हाती जमातीचे काजीपण आले आणि ते वंशपरंपरेने चालले. ही कथा दर वेळी सांगताना भर राहाबीवर आणि तीन काजींवर दिला जातो. मला ती उलट वाचावीशी वाटते. परीक्षा झाली ती चुलीपाशी, उत्तीर्ण झाल्या त्या बायका, आणि पद मिळाले पुरुषांना.

यानंतरचा धागा मुंबईत येतो. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. ‘बेनी इस्राएल’ हे नाव टिपूच्या आईने कुराणात ऐकलेले होते, तिने रदबदली केली म्हणून त्यांचा जीव वाचला, असे सांगतात. इथेही बाईच. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. शाआर हारहामीम हे त्याचे नाव, पण लोकांच्या तोंडी ती ‘जुनी मशीद’. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगितले जाते. वास्तू उभी राहिली, तरी तिच्यात ठेवायला तोराची गुंडाळी हवी होती. ती आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

पुढच्या पन्नास वर्षांत अक्षरओळख दोन वाटांनी आली. एक वाट कोचीनची. तिथले ज्यू शिक्षक येऊन प्रार्थनेची रीत, चाली आणि विधी शिकवू लागले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांतले मोठे नाव. दुसरी वाट मिशनऱ्यांची. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी कोकणात आणि मुंबईत शाळा काढल्या. जुना करार मराठीत आला, आणि जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू या लोकांना येशूकडे नेण्याचा होता. घडले भलतेच: बाटले फार थोडे, आणि बाकीचे पूर्वीपेक्षा अधिक ज्यू झाले. पेसाह सणाच्या रात्री वाचायचा हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाला, पुण्यात १८७४ मध्ये. १८८०च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनकार उभे राहिले. टाळ, पेटी, पूर्वरंग, आख्यान, सगळा थाट हरिकीर्तनाचा. आख्यानातली माणसे अब्राहाम, योसेफ आणि मोशे. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले गाजलेले नाव. हायीम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू झाली. तीच पुढची सर एली कदूरी शाळा. त्यांनी समाजाचा इतिहास लिहून ठेवला १८९७च्या सुमारास. तो छापून निघाला तेल अवीवला, १९३७ मध्ये. तेरा वर्षांच्या पोराने गुंडाळी वाचण्याची प्रथा रुजायला हे सगळे आधी व्हावे लागले. म्हणजे ‘पूर्वापार’ वाटणारा हा विधी इथे फार तर दीड-दोनशे वर्षांचा आहे.

घरातली श्रद्धा या काळातही आपल्या जागी होती. मलिदा हा तिचा गाभा. गोड पोहे, ओले खोबरे, वर फळे आणि खजूर. ताट सजवून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे नाव घ्यायचे. लग्न, बारसे, नवी नोकरी, परदेशी जाणे, आजारातून उठणे, नवस फिटणे, कोणत्याही निमित्ताने मलिदा होतो. बार मित्झ्वाच्या घरीही तो व्हावा यात नवल नाही. अलिबागजवळ खंडाळे गावात एका कातळावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या मानतात. शास्त्री मंडळी या श्रद्धेकडे जरा संशयाने पाहतात. लोक मात्र इस्राएलमधून येतात ते आधी त्या कातळावर डोके टेकायला.

मोजणीचा प्रश्न मिन्यानपुरता राहिला नाही. जमातीच्या आत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. आई जमातीबाहेरची म्हणून तिच्या संततीला पिढ्यानपिढ्या ‘काळे’ हा शिक्का बसे. मुकादम, चौगुले, काजी अशी जमातीची व्यवस्था चोख होती, आणि जातीचे पंक्तिभेदही तितकेच चोख. कोकणच्या मातीतून त्यांनी नुसते वालाचे बिरडे घेतले नाही, हेही घेतले. या भागावरून समाजातले लेखकसुद्धा घाईने पुढे जातात.

मग तोच शिक्का उलटला. इस्राएलमध्ये गेलेल्यांच्या लग्नाचा प्रश्न आला, तेव्हा १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी पीठाने फर्मान काढले: बेने इस्राएल वर-वधूच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय लग्न लावू नये. कित्येक शतके शनिवारी घाणा न फिरवणाऱ्यांनी आता आजीचे कुळ सिद्ध करायचे! जेरुसलेममध्ये आंदोलन झाले, माणसे रस्त्यावर येऊन बसली. १९६४ मध्ये सरकारने जाहीर केले, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. पुढे २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या भारतीयांचा, दोन्ही वारसे त्यांच्या रक्तात भरपूर सापडले. ज्यू वाटा अधिक करून बापांकडून, भारतीय वाटा आयांकडून. ज्यू धर्मशास्त्रात मूल आईवरून ज्यू ठरते. प्रयोगशाळेचा निकाल आणि शास्त्राचा नियम इथे समोरासमोर येतात. माझ्यापुरते उत्तर मासळी निवडणाऱ्या बायकांनी केव्हाच देऊन ठेवले आहे: कुठून आल्या यापेक्षा काय सांभाळले, यावर वारसा ठरतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते. आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. ज्यांचे आजे-पणजे नागाव-थळचे, अशी कितीतरी मुले आता अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बेरशेबा इथे तेरा वर्षांची होतात. तिथे मिन्यानची ददात नाही; रस्त्यावर हाक मारली तरी दहा जण जमतील. तुटवडा आहे तो मराठीचा. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्राएलमध्ये अनेक वर्षे चालवले गेले. पण आजी ज्या भाषेत मलिद्याचे ताट सजवायला शिकवते, ती नातवाला निम्मीच कळते. नातू हिब्रू घडाघडा वाचतो. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या नेमके उलट.

रायगडमधल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावाच्या वेशीवर बेने इस्राएलांची दफनभूमी असेल. दगडांवर हिब्रूबरोबर मराठी आहे, नाव आहे, गाव आहे. पावसाने आणि मोकाट गुरांनी ती अक्षरे दर वर्षी झिजतात. त्या दगडांची छायाचित्रे काढा, नावे उतरवून घ्या आणि जवळच्या सिनेगॉगला पोचवा. जुन्या पेटाऱ्यात कोणाच्या कीर्तनाच्या वह्या किंवा मराठी हगादा सापडला, तर रद्दीत घालू नका. आणि नावे उतरवताना बायकांचे दगड वगळू नका.