चित्र, नाटक आणि पंचनामा : महाविद्यालयीन लेखनाविषयी

महाविद्यालयात 'निबंधलेखन' या नावाखाली जे शिकविले जाते त्याची रीत आता ठरून गेली आहे. विषय फळ्यावर लिहावा, मुद्दे सांगावेत, मार्गदर्शक पुस्तिकेतील चार परिच्छेद विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावेत आणि परीक्षेच्या दिवशी तेच परिच्छेद उत्तरपत्रिकेत परत करावेत, एवढ्यावर हा व्यवहार संपतो. माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यातून आलेला, जनावरांच्या चारा छावणीत रात्री काढलेला मुलगा 'दुष्काळ : एक समस्या' या विषयावर लिहू लागतो, तेव्हा त्याच्या लेखनात छावणी नसते, बैल नसतो, टँकरमागे घागर घेऊन धावणारी आई नसते, असतात ती केवळ कोणा अज्ञात लेखकाची गुळगुळीत वाक्ये. हा मुलगा निर्बुद्ध असतो म्हणून असे घडत नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलेले लिहिण्याजोगे असते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते. ती सांगण्याचा उत्तम मार्ग कलेतून जातो, आणि त्यासाठी सातारा-सांगलीइतकी अनुकूल भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, असे माझे निश्चित मत आहे.

हे दोन जिल्हे सरकारी दप्तरात वेगळे झाले ते अलीकडे. १९४९ साली जुना सातारा जिल्हा आणि आसपासची विलीन झालेली संस्थाने यांमधून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याचेच 'सांगली' असे नामांतर झाले; लोकजीवन मात्र कृष्णेच्या पाण्यासारखे एकच राहिले. या प्रदेशात कला आणि समाजाचे परिवर्तन यांचा संबंध फार जुना आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या अधिपतींच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर, सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'संगीत शारदा' लिहिले आणि वृद्धाच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख १८९९ साली प्रेक्षकांसमोर उभे केले. त्याच्याही आधी, १८५५ साली, ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याची फसवणूक आणि विद्येची आवश्यकता हा विषय मांडण्यासाठी 'तृतीय रत्न' हे नाटकच लिहिले होते. पुढे सत्यशोधक जलशांनी हाच विषय गावोगावच्या चावडीसमोर नेला.

सत्यशोधक विचारांच्या याच वातावरणात घडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आणले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ च्या जूनमध्ये, तेथे छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले. 'कमवा आणि शिका' हे तत्त्व त्या महाविद्यालयाच्या पायात होते. श्रम करणारे हात आणि पुस्तक धरणारे हात एकाच विद्यार्थ्याचे असावेत, हा त्याचा अर्थ. भाऊरावांनी लेखनशिक्षणाची स्वतंत्र पद्धती सांगून ठेवली, असा दावा मी करीत नाही. परंतु सकाळी मातीत राबलेला विद्यार्थी दुपारी कवितेचे रसग्रहण करू लागतो, तेव्हा सकाळ आणि दुपार यांची भेट त्याच्या वहीत व्हावी, ही अपेक्षा त्या तत्त्वातच सामावलेली आहे.

ही भेट कशी घडवावी, याचे उत्तर औंधच्या टेकडीवर मिळते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभे केले आणि पुढच्याच वर्षी आपली सत्ता राज्यघटनेद्वारे प्रजेच्या हाती दिली. या संग्रहालयात राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे. विद्यार्थ्यांना तिच्यासमोर बसवावे आणि पहिल्या अर्ध्या तासात फक्त डोळ्यांना दिसते तेवढेच लिहावयास सांगावे : नजर कोणीकडे आहे, हात कसे आहेत, प्रकाश कोठून येतो, वस्त्राची चुणी कशी पडली आहे. 'सुंदर', 'करुण', 'मनोहारी' ही विशेषणे त्या अर्ध्या तासापुरती वर्ज्य करावीत. आधार काढून घेतल्यावर विद्यार्थी प्रथम गोंधळतो, परंतु मग त्याला पाहावेच लागते, आणि पाहू लागला की शब्द शोधावे लागतात. दुसऱ्या अर्ध्या तासात ही स्त्री कोण, हे सांगावे : विराटाच्या अंतःपुरात दासी होऊन नाव लपवून राहिलेली राणी. नंतर विचारावे, की आपल्या ओळखीत असे कोण आहे, ज्याला दुसऱ्याच्या घरी राबताना आपली ओळख झाकून ठेवावी लागते? या प्रश्नाला मिळणारे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही. याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता आणि बालकाची पाषाणमूर्ती आहे. अलंकार गाळल्यावरही आकृती किती बोलते हे तिच्यापुढे उभे राहून समजते, आणि वाक्यातील अनावश्यक शब्द कसे काढावेत, हे शिकविण्यास त्याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही.

आणि औंधहून परतल्यावर खाडिलकर वाचावेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा जन्म सांगलीचाच. १९०७ साली त्यांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले, त्यातील उन्मत्त कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदीचा हुकूम काढला. तीच सैरंध्री, तोच प्रसंग. चित्रकाराच्या हाती ती सौंदर्याचा विषय झाली आणि नाटककाराच्या हाती पराधीन राष्ट्राची कैफियत. जुन्या कथेला आजचा अर्थ कसा देता येतो आणि सत्ताधाऱ्याला त्या अर्थाचे भय का वाटते, या प्रश्नावर वर्गात जे लेखन होईल, त्याला मी कोणत्याही 'थोर नाटककार' छापाच्या निबंधापेक्षा अधिक गुण देईन.

कलेतून पाहण्याची सवय जडली की समाजाकडे वळावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पूर ओसरल्यावर पंचनामे झाले. पंचनामा हाही लेखनाचाच प्रकार आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो आदराने अभ्यासावा : दिनांक, मौजे, घराचे वर्णन, पडलेल्या भिंती, वाहून गेलेली जनावरे, पंचांच्या सह्या. त्यात एकही भावनेचा शब्द नसतो आणि तरीही त्याच्यावाचून कुटुंबाला नुकसानभरपाई मिळत नाही. मग त्याच घराविषयी, पंचनाम्यात ज्याला रकाना नाही ते लिहावयास सांगावे : भिजलेली दप्तरे, देव्हाऱ्यातील चिखल, छपरावर काढलेली रात्र, पाणी उतरल्यावर प्रथम घरात पाऊल ठेवणाऱ्या आजीचे मौन. दोन्ही लेख शेजारी ठेवले की तपशिलाचे सामर्थ्य आणि अनुभवाचे सामर्थ्य ही दोन्ही विद्यार्थ्यांच्या ध्यानी येतात. शासनाकडे करावयाचा अर्ज, वृत्तपत्रास पाठवावयाचे पत्र आणि कथा यांचे मूळ एकाच निरीक्षणात असते, हेही त्यांना तेव्हाच उमगते.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस या गावी प्रौढ श्रमिकांना अक्षरे शिकविताना हाच क्रम ठेवला होता. प्रथम त्यांच्याच जीवनाचे चित्र समोर ठेवावयाचे, त्यावर बोलणे करावयाचे आणि नंतर शब्द लिहावयाचा. परंतु वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, ज्यांची शाळा दीड दिवसाची, त्यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारून पोवाडा आणि लोकनाट्य यांतून श्रमिकांचे जिणे मांडले, १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि तीसहून अधिक कादंबऱ्या मागे ठेवल्या, हे उदाहरण कृष्णा-वारणाकाठच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे आहे.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आणि युवा महोत्सवांतून जी पथनाट्ये होतात, त्यांतील कित्येकांची संहिता घोषणांनीच भरलेली असते. हुंडा वाईट, व्यसन वाईट, झाडे लावा; हे खरे आहे, परंतु त्यात एकही माणूस नसतो. देवलांची शारदा आधी एक बोलकी, खेळकर मुलगी आहे आणि म्हणूनच तिच्यावरील अन्याय आपल्याला जाचतो. फकिराची भूक आधी भूक म्हणून कळते. परिवर्तनाची तळमळ असलेल्या शिक्षकाने विद्यार्थ्याला मत मांडण्याची घाई करू देऊ नये. एक माणूस, एक घर, एक दिवस पुरता दाखवावयास लावावे.

लिहिलेले छापले गेले पाहिजे, हाही या शिक्षणाचा भाग आहे. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीहून, एका कारखान्याच्या आवारातून, १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' काढले, आणि चित्रकाराच्या दृष्टीने सजविलेल्या या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या घरांत नवे विचार पोहोचविले. आजच्या महाविद्यालयांजवळ भित्तिपत्रक आहे, वार्षिक नियतकालिक आहे, भ्रमणध्वनीवरील कॅमेरा आहे. वार्षिकाची निम्मी पाने मान्यवरांच्या छायाचित्रांना आणि अहवालांना जातात. त्यांतील काही पाने औंधच्या चित्रांवरील लेखनाला, पुराच्या आणि दुष्काळाच्या नोंदींना, आजीकडून ऐकून टिपून घेतलेल्या ओव्यांना द्यावीत, आणि परीक्षेतील निबंधाचे काही गुण वर्षभराच्या या लेखनासाठी राखून ठेवावेत. साताऱ्याहून औंधला जाऊन एका दिवसात परतता येते, हरिपूर तर सांगलीच्या वेशीशीच आहे, आणि अशा सहलीचा खर्च स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून खचितच अधिक नाही.