साखर पाहता, गाठही पाहा

मायबहिणींनो, मधुमेह जडला की सारे लक्ष साखरेकडे लागते. पण उतारवयात स्तनाच्या कर्करोगाचेही भय असते, आणि मधुमेही बायकांना ते थोडे अधिकच. आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. पन्नाशीपुढच्या तपासलेल्या बायकांत या रोगाचे मृत्यू इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा साखर तपासायला जाल, तेव्हा सिस्टरबाईंना सांगा, “छातीही तपासा.” लाजू नका. आणि गुरुजी, हा निरोप मुलांच्या आज्यांपर्यंत आपणच पोचवा.