क्रूस, बलिदान आणि क्षमा

जेरुसलेमच्या मंदिरात पापक्षालनासाठी पशुबळी देण्याची यहुदी प्रथा होती. येशूच्या क्रुसावरील मरणाकडे ख्रिस्ती श्रद्धा याच परंपरेच्या नजरेतून पाहते. फरक फार मोठा आहे: इथे माणूस देवाला बळी देत नाही, देवच स्वतःला देऊन टाकतो. नव्या करारातील इब्री लोकांस पाठवलेल्या पत्रानुसार हे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले. म्हणूनच मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीत, वेदी असते, पण तिच्यावर असतात भाकर आणि द्राक्षारस.

या बलिदानातून मिळणाऱ्या क्षमेसाठी कॅथलिक धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतात, बहुतेक प्रोटेस्टंट थेट देवाकडे.

पण क्षमा केवळ मागायची नसते, इतरांना करायचीही असते. लूकच्या शुभवर्तमानात येशू क्रुसावरूनच आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो. हे प्रत्यक्षात उतरवणे किती कठीण! २२-२३ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप (१०) व टिमोथी (६) ही त्यांची मुले गाडीत झोपलेली असताना जमावाने त्यांना जाळून मारले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. मात्र क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे, शिक्षेचे काम कायद्याचे, अशी त्यांची भूमिका होती. क्षमा म्हणजे दुबळेपणा, असे म्हणणाऱ्यांनी हा भेद जरूर समजून घ्यावा. ग्लॅडिस लगेच मायदेशी परतल्या नाहीत. ओडिशातच, बारीपाड्यात राहून त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.