मनाची गोळी, हृदयाची धडधड

छातीत धडधड, हाताला घाम, जीव घाबरा. तपासण्या नॉर्मल येतात आणि डॉक्टर चिंतेवरची गोळी लिहून देतात. घरी आल्यावर पहिला प्रश्न हाच: हिने हृदयाला काही होणार नाही ना? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर गोळीगणिक बदलतं.

सिटालोप्रामचं उदाहरण घ्या. ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हायला जो वेळ लागतो, तो ईसीजीवर 'क्यूटी' म्हणून मोजतात. तो ५०० मिलिसेकंदांपुढे गेला की ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. या औषधाचा डोस वाढला की क्यूटी लांबतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिवसाला ४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, साठीपुढच्यांना २०. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलेलं असेल किंवा सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. सिटालोप्रामच्याच गटातल्या सर्ट्रालिनची मात्र हृदयविकाराच्या ३६९ नैराश्यग्रस्त रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली आले. हृदयाच्या पंपिंगवर वाईट परिणाम दिसला नाही.

मला जास्त काळजी वाटते ती जोडगोळ्यांची. आपल्याकडे प्रोप्रानोलॉल आणि चिंतेवरचं इटिझोलाम एकाच गोळीत मिळतात. घरात तिला 'झोपेची गोळी' म्हणतात आणि बरं वाटलं की एक दिवस परस्पर बंद करतात. पण प्रोप्रानोलॉल हा बीटा ब्लॉकर, मुळात हृदयाचंच औषध. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाने ते अचानक सोडलं, तर छातीत कळ येऊ शकते, झटकाही येऊ शकतो. दमेकऱ्यांनी तर ते घेऊच नये.

चिंतेवरची आणखी एक गोळी, अल्प्राझोलाम, हृदयावर थेट फारसा घाव घालत नाही. मात्र दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. रोजची सवय झाल्यावर एकदम तोडली तर धडधड परतते, रक्तदाब चढतो, फिटही येऊ शकते. ती शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे विक्रीची नोंद केमिस्टने तीन वर्षं जपायची असते. जुन्या चिठ्ठीवर ती मागत राहणं म्हणूनच चुकीचं.

या गोळ्यांना घाबरून चिंता अंगावर काढू नका. तीही हृदयाला जाचतेच. गोळीच्या पाकिटावरची सगळी नावं वाचा, सगळी पाकिटं मनाच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा आणि बंद करायची झाली तर त्यांच्याच सल्ल्याने, हळूहळू कमी करा. छातीत दाबल्यासारखं होऊन कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर 'टेन्शनच असेल' म्हणत घरी बसू नका, १०८ ला फोन लावा.