पेटंटच्या कागदापासून कामगाराच्या हातापर्यंत



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी 'यंत्रविद्येतील शोध आणि त्यांची पेटंटे' हा विषय मला सुचविला, तेव्हा मी त्यांना प्रथमच सांगितले की, मी इंजिनियर नाही आणि वकीलही नाही. दहावीच्या परीक्षेत गणिताने मला अडविले आणि सतराव्या वर्षी मी कारखान्यात लागलो. पुढे जे थोडेफार वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीत आणि आपल्या याच नगरवाचनालयात. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते यंत्र घडविणाऱ्याच्या बाजूचे नाही. यंत्रापुढे उभे राहणाऱ्याच्या बाजूचे आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

पेटंट म्हणजे गुपित, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः शब्दाचा अर्थ नेमका उलटा आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'उघडे पत्र', म्हणजे मोहोर न फोडता कोणीही वाचावे असे राजाचे पत्र. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, पण तो शब्द कचेरीबाहेर फारसा चालला नाही. व्यवहार असा की, शोध लावणाऱ्याने आपली युक्ती आकृतीसह, जाणत्या कारागिराला करून पाहता येईल इतकी स्पष्ट लिहून द्यायची. आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने ठरावीक वर्षे इतरांना ती वस्तू त्याच्या परवानगीवाचून करू द्यायची नाही. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची. इटलीतील व्हेनिस नगरीने १४७४ साली असा कायदा केला. आपल्याकडे १९७० च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनंतर ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे.

आता या कागदात काय नसते ते पाहा. ही युक्ती नवी आहे, एवढे पेटंट सांगते. ती वापरली जाईलच, असे ते सांगत नाही. आपल्या देशात १८५६ साली पहिला असा कायदा झाला. त्याखाली पहिला अर्ज आला तो कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग नावाच्या इंजिनियराचा, आणि शोध होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दोरीने ओढत व्हरांड्यात बसलेला माणूस आपण जुन्या चित्रांतून पाहिलेला आहे. त्याचे काम करणारे यंत्र आपल्या पेटंटांच्या वहीत अगदी पहिल्या ओळीवर आहे. आणि तो माणूस मात्र त्यानंतरही कित्येक दशके दोरी ओढतच होता. मला याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. यंत्राला पैसा पडतो, आणि माणूस स्वस्त होता.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर, रक्त सांडून, कशी घडली ते पाहण्यासाठी मी तुम्हांला अमेरिकेतील रेल्वेवर नेतो. पेटंटाची गोष्ट म्हटली की एडिसनचा दिवा सांगण्याची पद्धत आहे. मी आज सांगणार आहे ती दोन डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंगची.

एकोणिसाव्या शतकात तेथे मालगाडीचे डबे कडी आणि खीळ यांनी जोडीत. एका डब्याला लोखंडाची लांबट कडी असे. इंजिन दुसरा डबा मागून ढकलीत आणी. त्या दोन डब्यांच्या मधे ब्रेकमन उभा राही, ती कडी हाताने धरून समोरच्या खोबणीत नेमकी घाली आणि डबे भिडता भिडता वरून खीळ सोडी. हात काढायला क्षणाचा उशीर झाला की बोटे गेली. पाय घसरला तर माणूस गेला. नोकरी मागायला आलेल्या ब्रेकमनची बोटे मोजून त्याचा अनुभव ठरवीत, असे त्या काळाविषयी सांगतात. हा विनोद म्हणून सांगितला जातो. ज्यांनी प्रेस शॉपमध्ये काम केले आहे त्यांना तो विनोद वाटणार नाही.

गाडी थांबविण्याचे कामही याच माणसांचे. प्रत्येक डब्याच्या टपावर हातब्रेकचे चाक असे. इंजिनाची शिट्टी झाली की धावत्या गाडीच्या टपांवरून, पावसात आणि बर्फात, एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत जायचे आणि एकेक चाक आवळायचे.

दोन्ही दुखण्यांवर औषध निघाले, आणि लवकर निघाले. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. पहिल्या रचनेत एक खोट होती. इंजिनातून नळीने हवा सोडली की ब्रेक लागे, म्हणून नळीच फुटली तर ब्रेकही गेला. १८७२ साली त्याने ती रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी ठेवली आणि नळीतला दाब कायम ठेवला; तो दाब उतरला की टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावी. आता नळी फुटली किंवा गाडी मधेच तुटली तर दाब उतरणार, म्हणजेच गाडी थांबणार. यंत्र बिघडले तरी ते माणसाच्या बाजूने बिघडावे, ही कल्पना मला सगळ्या यंत्रविद्येतली सर्वांत मोठी वाटते. त्या माणसाला मी मनातल्या मनात अनेकदा नमस्कार केलेला आहे, जरी तो पुढे फार मोठा मालक झाला.

कपलिंगचा शोध लावणारा ईलाय जॅनी हा व्हर्जिनियातला. पूर्वी तो यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात अधिकारी होता आणि नंतर कापडाच्या दुकानात कारकुनी करीत होता. दुपारच्या सुट्टीत चाकूने लाकूड तासून त्याने नमुना केला. दोन हातांची बोटे अर्धवट वाकवून एकमेकांत अडकवून पाहा. तीच त्याची युक्ती. डबे भिडले की लोखंडी बोटे आपोआप मिटतात आणि कुलूप पडते. सोडवायचे असेल तेव्हा डब्याच्या बाजूला उभे राहून दांडा उचलायचा. मधे जावे लागत नाही. २९ एप्रिल १८७३ रोजी त्याला पेटंट मिळाले.

मग १८७४ सालापासून बोटे तुटायची थांबली काय? नाही. काही मोठ्या कंपन्यांनी नव्या वस्तूंची आवड दाखविली; प्रवासी गाड्यांना हवेचा ब्रेक लागला, कारण तिकीट काढणारा मेला तर बोभाटा होतो. मालगाड्या मात्र तशाच राहिल्या. याला एक खरी अडचण होती, ती मी मालकांच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगतो. एका कंपनीचे डबे दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जात. मी कपलिंग बदलले आणि शेजाऱ्याने बदलले नाही तर माझे नवे कपलिंग त्याच्या जुन्याला जुळणार कसे? त्यात कपलिंगची पेटंटे हजारोंनी निघालेली, आणि एकाचे दुसऱ्यात अडकेल तर शपथ. शेवटी डबे बांधणाऱ्या तंत्रज्ञांच्या संस्थेने जॅनीची आकृती प्रमाण मानली. आणि त्या आकृतीच्या बाह्यरेषेवरचा हक्क त्याच्या बाजूने सोडला गेला, तेव्हाच इतरांना जुळणारी कपलिंगे करता येऊ लागली. पेटंटाचा हक्क सोडल्यावर शोध पसरला, हे पेटंटाची थोरवी गाणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरी अडचण खरी नव्हती, सोयीची होती. त्या काळच्या न्यायालयांचे म्हणणे असे की, कामगाराने धोका माहीत असून नोकरी पत्करली, तेव्हा धोकाही त्यानेच पत्करला. म्हणजे हात तुटला तर भरपाई बहुधा नाही. नवे कपलिंग विकत घ्यावे लागे आणि जुना हात फुकट मिळे. अशा हिशेबात कोणता व्यापारी नवे कपलिंग घेईल?

या हिशेबाविरुद्ध उठला तो आयोवातला एक शेतकरी, लोरेंझो कॉफिन. १८७४ साली त्याने आपल्या डोळ्यांसमोर एका ब्रेकमनची उरलेली दोन बोटे जाताना पाहिली, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्याने सभा, पत्रे आणि सरकारदरबार यांत घातली. तिकडे १८८३ साली न्यूयॉर्क राज्यातील ओनिऑन्टा येथे आठ ब्रेकमननी गार्डाच्या डब्यात बसून आपली संघटना काढली; कारण एवढ्या धोक्याच्या कामावरच्या माणसाचा विमा कोणी उतरवीत नसे. १८८९ साली अध्यक्ष हॅरिसन यांनी काँग्रेसपुढे आकडे ठेवले: जून १८८८ अखेरच्या एका वर्षात २,००० हून अधिक रेल्वे कामगार मेले आणि २०,००० हून अधिक जखमी झाले. शांततेच्या काळात कामगाराला लढाईतल्या शिपायाइतका धोका असावा हे लांच्छन आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. २ मार्च १८९३ रोजी त्यांनी कायद्यावर सही केली. आपोआप जुळणारे कपलिंग आणि हवेचा ब्रेक सक्तीचे झाले. आणि नियमबाह्य डब्यावर काम करणाऱ्याने धोका पत्करला असे मानू नये, हेही त्यात लिहिले गेले. माझ्या मते या कायद्याचे सगळे मर्म या शेवटच्या कलमात आहे.

वर्षे जरा मोजा. अमेरिकेत तेव्हा पेटंटाची मुदत १७ वर्षांची होती. जॅनीचे १८७३ चे पेटंट १८९० साली संपले. त्याच्या सक्तीचा कायदा आला १८९३ साली, आणि मुदतवाढी मिळून अंमल सुरू झाला १ ऑगस्ट १९०० पासून.

त्यानंतर चारच दिवसांनी, ५ ऑगस्टला, जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला युटामधील प्रॉमोन्टरी येथे इंजिन भोजनाच्या डब्याला जोडायचा हुकूम झाला. इंजिनाला जॅनीचे कपलिंग आणि डब्याला मिलरचा आकडा. दोन्ही आपापल्या परीने आपोआप जुळणारी, पण एकमेकांशी न जुळणारी. जॉन्सनला मधे जावे लागले आणि त्याचा हात मनगटाच्या वर कापावा लागला. खालच्या न्यायालयांत तो हरला. कायदा डब्यांविषयी बोलतो, इंजिन म्हणजे डबा नव्हे. शिवाय दोन्हीकडे आपोआप जुळणारे कपलिंग होतेच, असा युक्तिवाद तेथे मान्य झाला! १९०४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. कायदा माणसाला मधे जावे लागू नये म्हणून केलेला आहे, तेव्हा दोन्ही वाहने एकमेकांशी जुळली पाहिजेत, असे ठरले. दोन पेटंटांच्या मधल्या फटीत एका माणसाचा हात गेला, तेव्हा कुठे ती फट कायद्याने बुजविली.

सगळीकडे असेच झाले काय? थोडी उदाहरणे उलटीही आहेत. खाणीतल्या सुरक्षित दिव्याचे पेटंट हम्फ्री डेव्हीने १८१५ साली घेण्याचे नाकारले. मोटारीतला तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन याने १९५९ साली काढला आणि व्होल्वो कंपनीने तो इतरांना वापरू दिला. तरी तो बांधण्याची सक्ती करणारा पहिला कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झाला तो १९७० साली. वस्तू फुकट असली तरी अकरा वर्षे गेली. आपल्या पेटंट कायद्याला मात्र या दुखण्याची जाणीव आहे. पेटंट घेऊन माल लोकांना परवडेल असा मिळत नसेल, तर तीन वर्षांनंतर सरकार दुसऱ्याला परवाना देऊ शकते. २०१२ साली मुंबईच्या पेटंट कचेरीतून असा पहिला परवाना निघाला आणि कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. पण औषध विकत घेणाऱ्याची ही सोय झाली. कामगाराच्या संरक्षणाची युक्ती कपाटात पडून राहिली तर तिच्यासाठी असा परवाना मागायला कोण जाणार?

आपल्या रेल्वेत मालगाडीच्या वाघिणींना आणि नव्या एलएचबी डब्यांना आज जे मधले कपलर दिसते ते जॅनीच्या मिटणाऱ्या बोटांचाच वंशज आहे. जुन्या डब्यांचे स्क्रू कपलिंग मात्र माणसाने दोन बफरांच्या मधे शिरून आवळायचे असते. आणि कपलर आपोआप जुळले तरी हवेच्या नळ्या जोडायला मधे जावेच लागते. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधील बरौनी स्थानकात कपलिंगचे काम करीत असता इंजिन आणि डबा यांच्यामधे चिरडून एक शंटिंग कामगार मरण पावला. जॅनीच्या पेटंटाला तेव्हा १५१ वर्षे झाली होती.

आता घरचे सांगतो. एका कारखान्यात, त्याचे नाव मी घेत नाही, पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात डायखाली राहण्याचा प्रश्नच नाही. युक्ती सुंदर आहे आणि जुनी आहे. मी तेथे गेलो तेव्हा रांगेतल्या बहुतेक प्रेसचे एक बटण तारेने आवळून कायमचे दाबून ठेवलेले होते. तार मालकाने बांधली नव्हती. आमच्याच पोरांनी बांधली होती, कारण दोन हात बाहेर काढून बटणे दाबली तर पाळीला नग कमी पडत आणि भत्ता बुडे. सुपरवायझर तार पाहून न पाहिल्यासारखे करी. तेथल्या एका पोराची दोन बोटे गेली, आणि चौकशीत त्याच्याच नावावर निष्काळजीपणा लिहिला गेला. धोका त्यानेच पत्करला, हे म्हणणे प्रॉमोन्टरीपासून आमच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत चालत आलेले होते.

यंत्रे कुंपणात ठेवावीत हे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेलेच होते. आम्ही त्या कलमावर भाषणे केली आणि तारा तोडल्या. आठ दिवसांत त्या पुन्हा बांधल्या गेल्या. मग आम्ही मागणी बदलली. दोन्ही बटणे मोकळी ठेवून एका पाळीत किती नग निघतात ते घड्याळ लावून मोजा आणि भत्ता तेथून धरा, एवढेच मागितले. चार महिने बोलणी चालली. मोजणीच्या दिवशी मी स्वतः वही घेऊन प्रेसजवळ उभा होतो. नव्या आकड्यावर सह्या झाल्या त्या संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या पोरांनी तारा आपणहून सोडल्या आणि भंगाराच्या पेटीत टाकल्या.