लावणीचा हंगाम आणि शेतकऱ्याची कंबर

बैलाच्या खांद्याला सूज आली म्हणजे जाणता शेतकरी काय करितो? जूं तपासून पाहतो, ओझें कमी करितो, खांदा शेकतो, आणि सूज उतरतांच हलक्या कामापासून सुरुवात करून त्यास पुन्हां औतावर आणितो. तो बैलास महिनाभर गोठ्यांत निजवून ठेवीत नाहीं, व सुजलेल्या खांद्यावर जूंही रेटीत नाहीं. स्वतःच्या कंबरेविषयीं मात्र तोच शेतकरी या दोन्ही चुका करितो. आधीं दुखणें अंगावर काढितो, आणि तें असह्य झालें म्हणजे अंथरूण धरितो. ऐन लावणींत घरचा कर्ता माणूस पडला कीं रोपें जून होतात, मजूर हातचे जातात व वर्षाचें पीक धोक्यांत येतें. म्हणून या गोष्टीचा विचार पाऊस पडण्यापूर्वींच करणें इष्ट होय.

पेणच्या खारेपाटांत काय किंवा रोह्याकडे कुंडलिकेच्या कांठीं काय, भात हेंच मुख्य पीक. रोपें उपटणें, चिखलांत वांकून लावणें, कापणी, भारे वाहणें, झोडणी हीं सारीं कामें कंबरेचीं. खारेपाटांत त्यांत बांधबंदिस्तीच्या मातीची भर पडते. जेथें कालव्याचें पाणी मिळतें तेथें उन्हाळी भाताची दुसरी लावणी येते. यांतील वांकण्याचा मोठा वांटा स्त्रियांकडे असतो, मग त्या घरच्या असोत कीं मजुरीनें आलेल्या असोत.

वांकणें हें मुळांत घातक नव्हे. पाठीचा कणा ओझें पेलण्यासाठींच घडलेला आहे. त्रास होतो तो एकाच स्थितींत तासचे तास राहिल्यानें, आणि सवय नसतां एकदम जड वस्तु उचलल्यानें. जर्मनींतील उल्म येथील संशोधकांनीं १९९९ सालीं एका स्वयंसेवकाच्या मणक्यांमधील चकतीवरील दाब मोजून प्रसिद्ध केला. नुसतें उभें असतां जो दाब होता, त्याच्या चौपटीहून अधिक दाब पाठ वांकवून वीस किलो वजन उचलतांना आला. तेंच वजन अंगाशीं लावून उभें राहिल्यावर तो निम्म्याच्या आसपास उतरला. आपल्या गोणीचें वजन याहून पुष्कळ अधिक असतें, हें ध्यानांत असावें.

हें दुखणें आपल्याच वांट्याला आलें आहे असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांतील ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती. त्यांतील दहांपैकीं सुमारें नऊ रोग्यांत कोणताही ठराविक आजार वा इजा सांपडत नाहीं. तरी आपल्याकडे ‘मणक्यांत गॅप आहे’ हे शब्द कानीं पडले कीं माणूस हातपाय गाळून बसतो. वास्तविक, कंबर मुळींच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचीं छायाचित्रें पाहिलीं तर शेंकडा ८० जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, असें २०१५ सालच्या एका संकलनांत आढळलें. केस पिकतात, तशीच ही झीज. तिला भिऊन शेत सोडण्याचें कारण नाहीं.

अंथरुणाचा मोहही असाच सोडला पाहिजे. अमेरिकेंत १९८६ सालीं २०३ रोग्यांपैकीं कांहींना दोन दिवस व कांहींना सात दिवस विश्रांति घेण्यास सांगितलें. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे शेंकडा ४५ नीं कमी भरले. ऑस्ट्रेलियांत २०२४ सालीं कंबरदुखींतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर प्रयोग झाला. त्यांतील ज्यांस क्रमाक्रमानें चालण्याची संवय लावली, त्यांचें दुखणें उलटण्यास साधारण २०८ दिवस लागले. इतरांचें ११२ दिवसांतच उलटलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीसाठीं व्यायाम व रोगाचें यथार्थ ज्ञान यांची शिफारस केली, आणि कंबरपट्टा व वजनें लावून कणा ताणणें हे उपाय सरसकट करूं नयेत असें सांगितलें.

हें सर्व समजतें, परंतु रोज करवत नाहीं, ही खरी अडचण. येथें मोबाइलचा उपयोग होऊं शकतो. डेन्मार्क व नॉर्वे येथें ४६१ रोग्यांवर ‘सेल्फबॅक’ नांवाच्या योजनेचा प्रयोग झाला. मोबाइलवर दर आठवड्यास किती चालावें, कोणता व्यायाम करावा हें ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणें सांगितलें जाई. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें तीन महिन्यांनीं या रोग्यांचा त्रास इतरांपेक्षां थोडा, पण निश्चित कमी झाला. मोबाइल कंबर बरी करीत नाहीं. नेम मोडूं देत नाहीं, एवढेंच. आपल्याकडे भारत सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो, त्याचा लाभ घ्यावा. परंतु पडद्यावर दिसणारा प्रत्येक वैद्य हा वैद्यच असतो असें समजूं नये. चार दिवसांत चकती बसवून देतों म्हणणाऱ्यापासून दूर राहावें.

आतां प्रत्यक्ष आचार. कंबर धरली तर दोन दिवसांहून अधिक पडून राहूं नये. शेकावें, अंगणांत फिरावें, मग बांधापर्यंत जाऊन यावें. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांस विचारूनच घ्याव्या. रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. अक्षय्यतृतीयेपासून आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास चालण्याचा नेम ठेवावा, म्हणजे मृगाच्या वेळीं शरीर तयार असतें. लावणींत दर अर्ध्या तासानें ताठ उभें राहून, कंबरेवर हात ठेवून मागें रेलावें. लावणारीनें कांहीं वेळ मुठी वाहाव्या, वाहणारीनें लावणी करावी. गोणी दोघांनीं उचलावी, किंवा अर्धीच भरावी. शेतमालकानें हा विसांवा कामचुकारपणा समजून मजुरी कापूं नये. दुपारनंतर हात चालते राहतात तें या विसांव्यामुळेंच.

लावणीच टाळण्याची सोयही आतां आपल्या जिल्ह्यांत आहे. कर्जत तालुक्यांतील नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रांत कायमच्या गादीवाफ्यांवर सांच्यानें छिद्रें पाडून बीं टोकतात. चिखलणी व लावणी दोन्ही वगळतात. तणाचा बंदोबस्त मात्र दक्षतेनें करावा लागतो, व प्रत्येक जमिनीस तें मानवेलच असें नाहीं. रोह्याजवळ किल्ला येथील कृषि विज्ञान केंद्रांत चौकशी करून प्रथम एका खाचरांत पाहावें.

शेवटीं एक इशारा. लघवी वा शौचावरील ताबा जाणें, जांघेंत व बैठकीच्या जागीं बधिरता येणें, पायांतील शक्ति कमी होत जाणें, ताप किंवा वजनांत घट असतां कंबर दुखणें, अथवा पडल्यानंतर वेदना सुरू होणें, यांपैकीं एकही लक्षण असेल तर व्यायाम व मोबाइल बाजूस ठेवून ताबडतोब रुग्णालय गांठावें. पहिल्या तीन लक्षणांत तर दिवसाचाही विलंब पाय कायमचे अधू करूं शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

बैल अधू झाला तर बाजारांत दुसरा मिळतो. आपल्या कंबरेस बाजार नाहीं. तेव्हां बैलाची जेवढी निगा राखतों, तेवढी तरी तिची राखावी.